देवळाच्या पायऱ्यांवरील दंतचिकित्सा : उत्तर फोर्मोसातील कॅनेडियन मिशनचा एक अध्याय (१८७३–१९०१)

१

एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती मिशनांच्या इतिहासात शाळा, छापखाना आणि रुग्णालय या तीन संस्थांचा विचार विपुल प्रमाणात झालेला आहे. या तिन्ही संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांची दप्तरे जपली गेली, त्यांचे वार्षिक अहवाल छापले गेले. त्यामुळे इतिहासकाराला साधनांची वाण पडत नाही. परंतु ज्या सेवेला भिंती नव्हत्या, जी एखाद्या गावच्या मोकळ्या जागेत तासभर चालून बंद होई आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच गावी सुरू होई, तिचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. परदेशी गेलेल्या मिशनने चालविलेले तात्पुरते दंतचिकित्सा केंद्र हा अशा सेवेचा एक नमुना होय. आज अशी शिबिरे जगाच्या अनेक भागांत भरतात व तेथे दूरदेशीचे स्वयंसेवक आठ-पंधरा दिवस राबून परततात. या प्रथेचा पूर्वेतिहास शोधू गेल्यास जी उदाहरणे हाती लागतात, त्यांत फोर्मोसा बेटाच्या, म्हणजे आजच्या तैवानच्या, उत्तर भागात जॉर्ज लेस्ली मकाय व त्यांचे शिष्य यांनी केलेले कार्य सर्वांत ठळक आहे.

मकाय यांच्या फिरत्या दंतचिकित्सेचा उल्लेख चरित्रग्रंथांतून वारंवार येतो. पण तो बहुधा एक कौतुकाची गोष्ट म्हणून येतो. किती दात काढले याचा आकडा सांगितला की चरित्रकार पुढे जातो. या आकड्याच्या मागे तीन प्रश्न दडलेले आहेत. ज्या समाजाचा परकीयांवर तिळमात्र विश्वास नव्हता, त्या समाजातील माणसे परकीयापुढे तोंड उघडून उभी राहिली ती का? या सेवेमुळे धर्मप्रसाराचा मार्ग मोकळा झाला, हा स्वतः मकाय यांचा दावा कितपत ग्राह्य आहे? आणि दंतवैद्यकाची पदवी नसलेल्या माणसांनी परक्या देशात हे काम करावे, याचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावयाचे? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

२

मकाय यांचा जन्म २१ मार्च १८४४ रोजी आजच्या कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतातील झोरा या वस्तीत झाला. त्यांचे आईवडील स्कॉटलंडच्या उत्तरेकडील सदरलंड परगण्यातून आलेले. मेंढ्यांच्या चराईसाठी जमीनदारांनी कुळांना पिढीजात जमिनींवरून हुसकावून लावले, त्या विस्थापितांपैकी हे कुटुंब होते. टोरांटो व प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्राचे अध्ययन करून मकाय एडिंबरोला गेले. तेथे त्यांना कलकत्त्यातील इंग्रजी शिक्षणाचे प्रवर्तक अलेक्झांडर डफ यांची व्याख्याने ऐकावयास मिळाली. या काळात त्यांनी थोड्याबहुत हिंदुस्थानी भाषेचेही अध्ययन केले. टोरांटो व न्यूयॉर्क येथे त्यांनी वैद्यकाचा काही अभ्यास केला होता; परंतु ते पदवीधर वैद्य नव्हते, दंतवैद्य तर नव्हतेच. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

कॅनडातील प्रेस्बिटेरियन चर्चने पाठविल्यावरून ते १८७१ च्या डिसेंबरअखेर फोर्मोसाच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरले. दक्षिणेत इंग्लिश प्रेस्बिटेरियन मिशनचे काम डॉ. जेम्स मॅक्सवेल यांनी १८६५ मध्येच सुरू केले होते. उत्तर भाग मोकळा होता. म्हणून ९ मार्च १८७२ रोजी मकाय तामसुई बंदरात आले. या वेळी बेटावर चीनच्या छिंग घराण्याची सत्ता होती. दुसऱ्या अफूयुद्धानंतरच्या तहांनी हे बंदर परकीय व्यापाराला खुले झाले होते, आणि परकीयांविषयीचा रोष त्या तहांबरोबरच बेटावर येऊन पोहोचला होता. लोकांनी मकाय यांना जे टोपणनाव दिले त्याचा अर्थ ‘काळ्या दाढीचा रानटी’ असा होता. त्यातील ‘होआन’ हा शब्द आपल्याकडील ‘म्लेच्छ’ या शब्दाच्या जवळ जाणारा आहे. त्यात परकेपणा आणि तुच्छता दोन्ही एकवटलेली आहेत.

भाषेच्या बाबतीत मकाय यांनी अवलंबिलेला मार्ग विशेष लक्षणीय होता. पंडिताकडे बसून ग्रांथिक भाषा शिकण्याऐवजी ते तामसुईच्या माळावर म्हशी राखणाऱ्या पोरांत जाऊन बसू लागले आणि त्यांच्याकडून बेटावरची बोली, म्हणजे फुकियन प्रांतातून आलेल्या वसाहतकऱ्यांची होक्किएन भाषा, त्यांनी उचलली. काही महिन्यांतच ते तीत प्रवचन करू लागले. पुढे या बोलीचा रोमन लिपीतील एक कोशही त्यांनी सिद्ध केला. गुराख्यांच्या बोलीत ‘कोठे दुखते?’ असे विचारता येणे आणि मिळालेले उत्तर समजणे, हे फिरत्या चिकित्सकाचे पहिले हत्यार होय. चिमटा हे दुसरे.

३

दाताच्या दुखण्याविषयी फोर्मोसातील लोकांची समजूत काय होती, हे पाहिल्यावाचून या चिकित्सेचे सामाजिक रूप उलगडत नाही. दातात किडा शिरतो व तो आतून पोखरतो, म्हणून ठणका लागतो, ही ती समजूत. मकाय यांनी काढलेला पहिला दात ज्या सैनिकाचा होता, त्यानेही आपल्या दातात किडा आहे असेच सांगितले होते.

ही समजूत केवळ फोर्मोसाची नाही. बाबिलोनी लोकांच्या एका मंत्रात किडा देवाकडे दात व हिरड्यांमध्ये राहण्याची जागा मागतो. चीनमध्ये शांग काळातील अस्थिलेखांत दात व किडा यांची आकृती एकत्र असलेले एक चिन्ह आढळते आणि अभ्यासकांनी त्याचा अर्थ किडलेला दात असाच लावला आहे. सुश्रुतसंहितेतील दंतरोगांत ‘कृमिदन्तक’ हा रोग सांगितला आहे. मराठीत तर ही कल्पना क्रियापदातच रुतून बसली आहे. दात ‘किडतो’, दाताला ‘कीड लागते’. ज्याचा किड्यावर मुळीच विश्वास नाही असा आधुनिक दंतवैद्यदेखील मराठीत बोलताना हाच शब्द वापरतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी दिली असता दातांतील किडे गळून पडतात, हा उपचार महाराष्ट्राच्या खेड्यांतून फार जुन्या काळापासून चालत आला आहे. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत हीच कल्पना रूढ होती. पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये आपल्या ग्रंथात तिचा अव्हेर केला. पुढे विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तोंडातील सूक्ष्म जंतू पिष्टमय व गोड अन्नापासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दाताचे कवच विरघळते, अशी उपपत्ती मांडली. म्हणजे मकाय यांनी पहिला दात काढला तेव्हा दात का किडतो याचे समाधानकारक उत्तर पाश्चात्त्य शास्त्रापाशीही नव्हते. स्वतः मकाय यांनी दातदुखीची कारणे म्हणून हिवताप, सुपारी चघळणे व तंबाखू ओढणे यांचा निर्देश केला आहे. आजच्या ज्ञानानुसार हिवतापाचा संबंध जोडणे चूक ठरते. सुपारीचे दुष्परिणाम मात्र हिरड्यांच्या विकारांत व मुखाच्या कर्करोगात दिसून येतात.

यावरून निघणारे अनुमान महत्त्वाचे आहे. कारणमीमांसेच्या बाबतीत रोगी आणि चिकित्सक यांत फारसे अंतर नव्हते. अंतर होते ते उपायात. गावोगाव हिंडणारे देशी दंतवैद्य सांडशीसारख्या चिमट्याने दात उपटीत; कोणी बळकट दोरीने ओढून काढी, कोणी कात्रीच्या पात्याने उचकटून काढी. जबडा मोडणे, रक्तस्राव न थांबणे, प्रसंगी मृत्यू येणे, असे परिणाम घडत, असे मकाय यांनी नमूद केले आहे. प्रतिस्पर्ध्यांचे हे वर्णन एका पक्षाने केलेले आहे हे खरे. तथापि युरोपातही दात काढण्याचा धंदा शतकानुशतके न्हाव्यांच्या व जत्रेतील भोंदूंच्या हाती होता आणि तेथील दाखले याहून सौम्य नाहीत.

४

पहिला प्रसंग १८७३ मधला. मकाय आपल्या शिष्यांसह तेकछाम, म्हणजे आजच्या सिंचू, या गावातून बाहेर पडले, तेव्हा त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी दहा-बारा सैनिक मागोमाग निघाले होते. त्यांपैकी एकाचा दात असह्य ठणकत होता. मकाय यांच्यापाशी चिमटा नव्हता. त्यांनी कठीण लाकडाचा एक तुकडा तासून हवा तसा आकार दिला आणि त्याच्या साहाय्याने दात काढला. सैनिकाला आनंदाश्रू आवरेनात. पुढे काही वर्षांनी काही सैनिक या परकीय उपदेशकाची निंदा करीत असता एका अधिकाऱ्याने त्यांना दटावले. तो अधिकारी म्हणजे हाच सैनिक होय, असे मकाय सांगतात.

त्यानंतरची हत्यारे गावच्या लोहाराकडून मकाय यांनी स्वतः सांगून घडवून घेतली. पुढे न्यूयॉर्कला बनविलेले उत्तम चिमटे आले. या तपशिलाचेही महत्त्व आहे. अठराव्या शतकापासून युरोपात ‘दाताची किल्ली’ नावाचे हत्यार प्रचारात होते. ते दातात अडकवून किल्लीसारखे फिरवीत आणि त्यात जबड्याचे हाड दुखावण्याचा धोका असे. १८४० नंतर जॉन टोम्स यांनी दाताच्या मानेच्या आकाराबरहुकूम चोच असलेले वेगवेगळे चिमटे प्रचारात आणले. मकाय यांनी किल्ली, आकडा, स्क्रू ही साधने वर्ज्य करून केवळ चिमटा वापरला, म्हणजे त्यांची पद्धत त्या काळच्या सुधारलेल्या पद्धतीशी जुळणारी होती. खुर्चीची मात्र त्यांना गरज वाटली नाही. रोगी उभाच असे. बधिरीकरणासाठी नायट्रस ऑक्साइड व ईथर यांचा उपयोग अमेरिकेत १८४४ ते १८४६ या वर्षांत दंतवैद्यांनीच सुरू केला होता. पण तासाभरात पुढच्या गावी निघणाऱ्या पथकाच्या वर्णनात त्याला स्थान नाही.

दौऱ्यावरील नेहमीचा क्रम ठरलेला होता. गावात शिरल्यावर मोकळी जागा पाहावयाची; बहुधा ती देवळाच्या दगडी पायऱ्यांची असे. एक-दोन स्तोत्रे म्हणावयाची, लोक जमले की दात काढावयास प्रारंभ करावयाचा, आणि ते संपल्यावर प्रवचन करावयाचे. देऊळ हे ज्या समाजात बाजार, पंचायत व नाट्यगृह यांचे एकत्रित स्थान असते, त्या समाजात ही जागा निवडणे स्वाभाविक होते. त्याबरोबरच ज्या देवतेच्या दारात ही सेवा चाले तिचा त्याच पायऱ्यांवरून निषेधही होई, हा विरोध दृष्टिआड करता येत नाही. चिकित्सा मधे आणि उपदेश शेवटी, या क्रमाला एक व्यावहारिक अंगही होते : दात काढून घेतलेला माणूस रक्त थांबेपर्यंत तेथेच थांबे.

५

या सर्व विधीत एक बारीकशी गोष्ट होती. काढलेला दात रोग्याच्या तळहातावर ठेवला जाई. दात आपल्यापाशी ठेवला तर लोकांच्या मनात शंका उत्पन्न होईल, असे याचे कारण मकाय यांनी स्वतः दिले आहे. या एका वाक्यामागे त्या काळचा केवढा इतिहास उभा आहे, हे चरित्रकारांच्या ध्यानात क्वचितच येते.

२१ जून १८७० रोजी, म्हणजे मकाय फोर्मोसाला येण्यापूर्वी जेमतेम दीड वर्ष, तिएनत्सिन शहरात फ्रेंच वकिलात, कॅथॉलिक चर्च व अनाथालय यांवर जमावाने हल्ला करून परकीयांची व अनेक चिनी ख्रिस्ती लोकांची हत्या केली. मिशनच्या जोगिणी मुले पळवितात आणि त्यांचे डोळे व काळीज काढून औषधे बनवितात, ही अफवा त्या हल्ल्यामागे होती. चिनी वैद्यकात मानवी देहाच्या अंशांना औषधी द्रव्य म्हणून स्थान होते. तेव्हा परकीय वैद्य तेच करीत असतील, ही शंका लोकांना अगदीच निराधार वाटत नव्हती. परकीय सत्ता आणि परकीय वैद्यक एकाच वेळी दारात येतात तेव्हा देहाविषयीचे भय असे रूप घेते. मुंबईतही ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या दिवसांत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला, तो तेथे रोग्यांचे प्राण घेतले जातात अशा समजुतीनेच.

या पार्श्वभूमीवर दात हाती ठेवण्याच्या कृतीचा अर्थ स्पष्ट होतो. रुग्णालय भिंतींच्या आड असते. तेथे काय चालते ते बाहेरच्याला दिसत नाही. पायऱ्यांवरची चिकित्सा साऱ्या गावासमक्ष चाले. रोगी उभा, चिकित्सक उभा, जमाव सभोवती. आणि क्रिया संपताच देहाचा वेगळा झालेला अंश त्याच्या धन्याकडे परत. दात पोखरलेला आहे की नाही, हे ज्याचे त्याला पाहता येई. विश्वास उत्पन्न झाला तो उपदेशाने नव्हे, तसाच केवळ वेदना थांबल्यानेही नव्हे. तो झाला या उघडेपणामुळे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

याच्याशी विसंगत अशी एक गोष्ट येथेच नोंदविली पाहिजे. दात परत करणाऱ्या मकाय यांनी धर्मांतरितांनी टाकून दिलेल्या मूर्ती, पूर्वजांचे स्मृतिफलक आणि आदिवासींच्या वस्तू यांचा मोठा संग्रह केला. त्यातील बराचसा भाग कॅनडात गेला व टोरांटोच्या रॉयल ऑंटारिओ संग्रहालयात राहिला. देहाचा अंश परत देण्याबाबत जी दक्षता होती, ती स्मृतीच्या अंशाबाबत नव्हती.

६

आता आकड्यांकडे वळू. १८७३ पासून आपण स्वतः २१,००० हून अधिक दात काढले आणि शिष्यांनी व उपदेशकांनी मिळून त्याच्या जवळजवळ निम्मे काढले, असे मकाय यांनी ‘फ्रॉम फार फोर्मोसा’ या ग्रंथात म्हटले आहे. हा ग्रंथ १८९३ ते १८९५ या काळात ते कॅनडात रजेवर असताना त्यांच्या टिपणांवरून जे. ए. मॅक्डोनाल्ड यांनी संपादित केला. तो कॅनडातील व अमेरिकेतील चर्चच्या वाचकांसाठी लिहिलेला आहे. मिशनला आधार देणाऱ्या वाचकांपुढे ठेवलेला आकडा म्हणून त्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे.

तथापि आकडा अशक्य कोटीतला नाही. १८८० व १८८१ ही वर्षे बहुतांश रजेत गेली, ती वगळता १८९३ पर्यंत सुमारे १८ वर्षे हाती राहतात. त्या हिशेबाने मकाय यांनी वर्षास सरासरी ११०० ते १२०० दात काढले असे होते. म्हणजे दिवसास तीन. पथकाने तासाभराच्या आत शंभर दात काढल्याचे प्रसंग अनेकदा आले, असेही ते सांगतात. हे काम चौघांनी वाटून घेतले असे धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस दात, म्हणजे एका दाताला सुमारे अडीच मिनिटे येतात. सैल झालेला किंवा उघडपणे किडलेला दात काढावयास एवढा वेळ पुरतो. पण तोंडाची तपासणी करावयास, मूळ मोडले तर ते शोधावयास किंवा दात वाचविता येईल का याचा विचार करावयास तो मुळीच पुरत नाही. सगळे मिळून सुमारे ३१,००० दात ताशी शंभर या वेगाने काढले असे मानल्यास केवळ ३१० प्रसंग पुरतात. म्हणजे वर्षाकाठी सतरा-अठरा. ही सेवा अखंड चालणारी नसून दौऱ्यांच्या प्रसंगाने अधूनमधून उसळणारी होती, असे या गणितावरून दिसते.

दात काढल्याने जेवढे पूर्वग्रह मोडले तेवढे दुसऱ्या कशानेही मोडले नाहीत, हा मकाय यांचा दावा. त्यांचा युक्तिवाद असा की, ताप उतरला तर पुजारी त्याचे श्रेय देवतेला देऊ शकतो. दात निघून ठणका थांबला तर त्याचे श्रेय दुसऱ्या कोणाला देताच येत नाही. कार्यकारणसंबंध उघड दिसणारा उपचारच मत बदलू शकतो, हे निरीक्षण मार्मिक आहे. परंतु घटनाक्रम पाहिला तर दाव्याला मर्यादा घालाव्या लागतात. पहिल्या पाच जणांना बाप्तिस्मा मिळाला तो ९ फेब्रुवारी १८७३ रोजी. त्यांतील प्रमुख ग्याम छेंगहोआ हे सुशिक्षित तरुण वादविवादातून आणि प्रश्नोत्तरांतून मकाय यांच्याकडे ओढले गेले होते. चिकित्सा सुरू होऊन चार वर्षे लोटल्यावर, १८७७ मध्ये, बांका या व्यापारी शहरात जमावाने प्रार्थनामंदिर जमीनदोस्त केले. १८८४ मध्ये फ्रेंच आरमाराने बेटाची नाकेबंदी केली तेव्हा उत्तरेतील अनेक प्रार्थनामंदिरे लुटली व पाडली गेली. फ्रेंच आणि कॅनेडियन यांतील भेद संतप्त जमावाने केला नाही. पूर्वेकडील मैदानात कावालान आदिवासींनी १८८३ च्या सुमारास मोठ्या संख्येने नवा धर्म स्वीकारला. त्यामागे चिनी वसाहतकऱ्यांनी जमिनी बळकावल्यामुळे आलेली अगतिकता हे प्रबळ कारण होते. १८९३ पर्यंत साठ प्रार्थनामंदिरे उभी राहिली हे खरे. परंतु बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या मानाने दात काढून घेणारे कितीतरी पटींनी अधिक होते. बहुसंख्य लोकांनी दात काढून घेतला, प्रवचन ऐकले आणि ते आपल्या देवाकडे परतले.

उलटपक्षी, १८९३ मध्ये मकाय रजेवर निघाले तेव्हा त्याच बांका शहराने त्यांना पालखीत बसवून वाद्यांच्या गजरात निरोप दिला. शहर ख्रिस्ती झाले नव्हते. ‘रानटी’ म्हणून हिणविलेल्या माणसाला त्याने आपल्या समाजरचनेत मानाचे एक स्थान दिले होते, एवढेच. दंतचिकित्सेचे खरे फळ हेच मानले पाहिजे : धर्मांतर नव्हे, तर सहवासाची मुभा.

७

राहिला अधिकाराचा प्रश्न. ऑंटारिओ प्रांताने १८६८ मध्येच दंतवैद्यकाचा कायदा केला आणि परवान्यावाचून हा व्यवसाय करण्यास बंदी केली. जगातील अशा प्रकारच्या आरंभीच्या कायद्यांपैकी तो एक होय. म्हणजे जे काम मकाय आपल्या जन्मप्रांतात व्यवसाय म्हणून कायद्याने करू शकले नसते, ते त्यांनी फोर्मोसात हजारो वेळा केले. स्वदेशात निषिद्ध आणि परदेशात सेवा, हा विरोध परदेशी चालणाऱ्या सर्व तात्पुरत्या दवाखान्यांच्या मुळाशी आहे. तेथे दुसरा कोणी नाही, म्हणून जे येते ते करावे, हे त्याचे समर्थन. हे समर्थन सर्वस्वी खोटे नाही; पण ते सोयीचे असते, म्हणूनच त्याची परीक्षा अधिक कडकपणे करावयास हवी.

मकाय यांच्या ग्रंथात यशस्वी प्रसंग आहेत. मोडलेली मुळे, नंतर चिघळलेल्या जखमा, पथक निघून गेल्यावर वाहत राहिलेले रक्त यांविषयी तेथे काही नाही. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत १८६७ पासून ज्ञात होती. पण एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणाऱ्या चिमट्याविषयी वर्णनात उल्लेख येत नाही. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जाणाऱ्या चिकित्सकाला आपले अपयश दिसत नाही, ही फिरत्या चिकित्सेची सर्वांत मोठी उणीव होय.

परंतु मकाय यांच्या योजनेत या उणिवेवर एक उताराही होता, आणि तो म्हणजे त्यांचे शिष्य. आरंभी या शिष्यांचे शिक्षण झाडाखाली, समुद्रकाठी, वाटेने चालता चालता होत असे. १८८२ मध्ये तामसुईला ऑक्सफर्ड कॉलेज उभे राहिले. दात काढण्यात यांपैकी अनेक जण तरबेज झाले. ते त्याच बेटावरचे, तीच बोली बोलणारे. ग्याम छेंगहोआ यांना १८८५ मध्ये दीक्षा मिळाली व १९०९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राहिले. मकाय यांनीही १८७८ मध्ये बेटावरच्याच स्त्रीशी विवाह केला आणि २ जून १९०१ रोजी तामसुई येथेच कंठाच्या कर्करोगाने त्यांचा अंत झाला. १८८० च्या सुमारास तामसुईत रुग्णालय निघाले. तेथे परकीय वसाहतीचे डॉक्टर रिंगर यांचे साहाय्य मिळाले. मनुष्याच्या फुप्फुसातील परोपजीवी कृमी १८७९ मध्ये तामसुईतच प्रथम पाहणारे रिंगर ते हेच. म्हणजे दवाखाना तात्पुरता होता, पण हात कायमचे होते. आणि मोठे दुखणे न्यावयास एक स्थिर ठिकाणही होते.

याच ऑंटारिओ प्रांतात जन्मलेल्या दुसऱ्या एका मिशनऱ्याचे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उघडले आणि देशी सहायकांना वैद्यकाचे शिक्षण देण्याची सोय केली. वॉनलेस पदवीधर वैद्य होते, त्यांचे कार्य एका जागी स्थिर होते. मकाय यांच्यापाशी पदवी नव्हती आणि जागाही नव्हती. तरीही दोघांच्या कार्याचे टिकाऊपण एकाच गोष्टीत सापडते : आपले कौशल्य त्यांनी त्या भूमीतल्या माणसांच्या हाती सोपविले.

८

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटींची जागा विमानांनी घेतली आणि परदेशी मिशनचे रूप पालटले. आयुष्यभरासाठी जाणाऱ्या मिशनऱ्याबरोबर एक-दोन आठवड्यांसाठी जाणारा स्वयंसेवक पुढे आला. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘मर्सी शिप्स’सारख्या ख्रिस्ती संस्थांनी जहाजांतून दंतचिकित्सा नेली, अनेक चर्चे शाळेच्या वर्गात किंवा प्रार्थनामंदिराच्या ओवरीत दुमडत्या खुर्च्या मांडून शिबिरे भरवू लागली. आता पदवीधर दंतवैद्य असतात, बधिरीकरण असते, हत्यारांचे निर्जंतुकीकरण असते. मकाय यांच्या पद्धतीतील उणिवा पुष्कळशा दूर झाल्या. परंतु त्यांच्यापाशी जे होते तेच नेमके येथे दुर्मिळ झाले : भाषा, दीर्घ सहवास आणि मागे राहणारे हात. स्वयंसेवक दुभाष्याच्या साहाय्याने बोलतो, थोड्या दिवसांत शक्य तेवढे दात काढतो आणि परततो. दात भरणे, मूळ वाचविणे, पुन्हा तपासणे यांस सातत्य लागते. काढणे मात्र एका बैठकीत संपते. म्हणून तात्पुरत्या दवाखान्याचा कल आजही काढण्याकडेच राहतो.

या कोंडीतून मार्ग काढण्याचा प्रयत्न १९८० नंतरच्या दशकात टांझानियात झाला. विजेवाचून, केवळ हातातील साध्या उपकरणांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत तेथे विकसित झाली आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. स्थानिक आरोग्यसेवकाला ती शिकविता येते, हा तिचा मुख्य गुण. मुखरोगांनी ग्रस्त अशा लोकांची जगातील संख्या सुमारे साडेतीनशे कोटी असल्याचे याच संघटनेच्या २०२२ च्या अहवालात म्हटले आहे. एवढ्या मोठ्या दुखण्याला पाहुण्यांच्या चिमट्याने पुरे पडता येणार नाही, हे सांगावयास नको.

एकंदर विवेचनाचे निष्कर्ष असे. फोर्मोसातील फिरत्या दंतचिकित्सेने धर्मांतर घडविले, हा दावा घटनाक्रमाच्या कसोटीवर पूर्णपणे उतरत नाही. तिने परकीय आणि स्थानिक यांतील भय कमी केले, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. हे भय कमी झाले त्याला वेदनामुक्तीइतकेच चिकित्सेचे उघडे स्वरूप, बोलीवरील प्रभुत्व आणि देहाचा अंश परत करण्याचा संकेत ही कारणे होती. अधिकारावाचून केलेल्या चिकित्सेचा दोष मकाय यांच्याकडे राहतोच. तो त्यांच्या हेतूने पुसला जात नाही. परंतु कौशल्य स्थानिक शिष्यांच्या हाती गेल्याने त्या दोषाची धार बोथट झाली. परदेशी भरणाऱ्या कोणत्याही दंतशिबिराचा इतिहास पुढे लिहिला जाईल, तेव्हा काढलेल्या दातांच्या संख्येबरोबरच, किंबहुना तिच्याआधी, तेथे कोणाला काय शिकविले आणि शिबिर उठल्यावर रोग्याने कोणाकडे जावयाचे होते, या दोन गोष्टींची नोंद इतिहासकाराने शोधली पाहिजे.